तळावर घोडा एकटाच परतला

हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत असतं. तुमच्यातले कित्येक जण तिथेच शिकत असतील. कॅन्टीन कुठे आहे ते माहीत, गाडी लावायला जागा कधी मिळते तेही माहीत. पण हे हिस्लॉप कोण, असं कोणी मध्येच विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच असतं, असेल कोणी इंग्रज पाद्री. पाद्री हे बरोबर. इंग्रज नव्हते, स्कॉटिश होते. आणि या पाद्रीसाहेबांनी नागपूरच्या आसपासची माती, दगड आणि माणसं जशी पाहिली, तशी त्यांच्या आधी फार थोड्यांनी पाहिली असतील. हे पाहणं झालं ते घोड्याच्या पाठीवरून आणि राहुटीच्या दारातून. शेवटही तिथेच झाला, आज जिथे बुटीबोरीची एमआयडीसी आहे त्या भागात.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ चा. गाव डन्स, स्कॉटलंडच्या दक्षिणेला, बेरिकशर परगण्यात. ज्यांना आधुनिक भूगर्भशास्त्राचे जनक म्हणतात त्या जेम्स हटन यांची शेती याच परगण्यात होती, हा योगायोग मला फार आवडतो. एडिनबरा आणि ग्लासगोला शिक्षण झालं. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली आणि फ्री चर्च वेगळं निघालं. हिस्लॉप त्या नव्या चर्चकडे गेले. पुढच्याच वर्षी दीक्षा, लग्न आणि हिंदुस्थानकडे प्रयाण. डिसेंबर १८४४ मध्ये मुंबई, आणि १८४५ च्या सुरुवातीला पत्नी इरास्मासह कामठी.

मुंबईहून नागपूर म्हणजे आज एका रात्रीची गाडी. तेव्हा रेल्वे नव्हतीच. ती नागपूरला आली १८६७ मध्ये, हिस्लॉप गेल्यानंतर चार वर्षांनी. म्हणजे या माणसाने नागपुरात रेल्वे कधी पाहिलीच नाही. त्यांच्या वेळचं नागपूर भोसल्यांचं होतं, गादीवर तिसरे रघुजी. इंग्रजांचा रेसिडेंट सीताबर्डीला, फौज कामठीला. हिस्लॉप मराठी शिकले, १८४६ मध्ये शहरात शाळा काढली. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे सहकारी येऊन मिळाले. आठ वर्षांनी प्रकृती बिघडून ते परत गेले आणि पुढे त्यांनी इंग्रजीचा एक भलामोठा ज्ञानकोशवजा शब्दकोश तयार केला. शाळेचं काम, धर्मप्रसार, धर्मांतरावरून उठलेले वाद हे सगळं वर्षभर चालायचं. पण पावसाळा संपून थंडी पडली की राहुटी, घोडा आणि गावोगावचा दौरा.

हा दौरा नेमका कसा असायचा? कॅम्पिंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पॉप-अप टेंट आणि मॅगी येते. समजा, तुम्ही १८५० च्या आसपास मार्गशीर्षात अशा एखाद्या दौऱ्यात सामील झालात. पहाटे अंधारातच उठायचं. जड सामान, म्हणजे राहुटी, भांडी, पुस्तकांच्या पेट्या, बैलगाडीवर. बैलगाडी तासाला दीड-दोन मैलांच्या वर जात नाही, म्हणून ती आधीच पुढे निघालेली. ज्याची ऐपत असेल तो दोन राहुट्या ठेवायचा. एकीत आज झोपायचं, दुसरी उद्याच्या मुक्कामी रात्रीच रवाना. तुम्ही घोड्यावर. घोडा नुसता चालीने चालला तरी तासाला सहा-सात किलोमीटर जातो, पण गाडीला मागे टाकून करणार काय? म्हणून दिवसाची मजल दहा-बारा मैलांची. आजच्या हिशोबाने नागपूरहून सकाळी निघून कामठी ओलांडलं की झाला दिवस.

मुक्काम कुठे टाकायचा हे माणसाच्या सोयीने ठरत नाही, घोड्याच्या सोयीने ठरतं. एका घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. म्हणजे विहीर किंवा वाहता नाला हवा. सावलीची आमराई हवी. कडबा विकत मिळेल असं गाव जवळ हवं. पोचल्यावर तुम्ही दमलेले असलात तरी आधी तुम्ही जेवायचं नाही. तंग सैल करायचा, घामेजलेल्या पाठीवरचं खोगीर लगेच काढायचं नाही, जरा थंड होऊ द्यायचं. मग पाणी, आणि पाण्यानंतर थोड्या वेळाने चंदी, म्हणजे भिजवलेला हरभरा, तोबऱ्यात घालून. आधी दाणा आणि वर भसाभसा पाणी असं झालं तर घोड्याच्या पोटात कळा उठतात, असा जुना पक्का नियम. या कळा साध्या नसतात. घोड्याला उलटी करता येत नाही आणि पोटशूळाने धडधाकट जनावर रातोरात जातं. मग खरारा, मग खूर उचलून आत खडा अडकला आहे का ते पाहणं. ही कामं मोतद्दार करायचा. साहेबांच्या चरित्रांत मोतद्दारांची नावं सहसा सापडत नाहीत, पण दौरा चालायचा तो त्यांच्याच जिवावर.

रात्री घोड्याला अगाडी-पिछाडी बांधायची. पुढून दोन दोर, मागच्या पायांना दोन, चारी खुंट्या जमिनीत ठोकलेल्या. नुसतं झाडाला बांधून ठेवलं तर घोडा साल कुरतडतो, पाय आपटून मुळं उघडी पाडतो. गंमत पाहा, अमेरिकेतल्या राष्ट्रीय वनांत आजही लोक घोडे घेऊन मुक्कामाला जातात. त्यांच्यासाठी वेगळे तळ आखलेले असतात, आणि तिथले नियम साधारण हेच. घोडा थेट झाडाला बांधू नका, पाण्यापासून लांब बांधा, लीद एका जागी साठू देऊ नका, आणि चारा असा आणा की त्यात तणाचं बी नसेल, नाहीतर परकं गवत जंगलात रुजतं. आपल्याकडे पेंच, ताडोबा म्हटलं की जिप्सी आणि गेटची वेळ. घोड्याची गोष्ट आपण विसरूनच गेलो.

ज्याने घोडा सांभाळला आहे त्याला आणखी एक गोष्ट माहीत असते. चार दिवस एका तळावर काढले की जनावराला तो तळ कळतो. दाणा कुठे मिळतो, सोबतचे घोडे कुठे बांधले आहेत, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मोकळा सुटला की तो तिकडेच धावतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता हिस्लॉप यांच्याकडे परत. घोड्यावरचा माणूस पायी चालणाऱ्यापेक्षा उंच असतो आणि गाडीतल्या माणसापेक्षा सावकाश जातो. दगड शोधणाऱ्याला याहून चांगली बैठक नाही. वाटेत नाला आला की उतरायचं, कारण नाल्याच्या दरडीत थर उघडे पडलेले असतात. नागपूर तर अशा जागी वसलं आहे की पश्चिमेकडून आलेला काळा दगड, दख्खनचा बेसॉल्ट, इथेच संपत येतो आणि पूर्वेला वेगळे, त्याहून कितीतरी जुने खडक लागतात. हिस्लॉप आणि हंटर यांना टाकळीला, हो, तीच आपली पोलीस लाइन टाकळी, लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेला गाळाचा थर सापडला. त्यात गोड्या पाण्यातले शंख, फळं-बिया, कीटकांचे अवशेष. लाव्हाचे दोन लोट येण्याच्या मधल्या काळात इथे तळं होतं, झाडी होती, किडे होते. टाकळीकडे गाडीवरून जाताना एकदा हे आठवून बघा.

१८५५ मध्ये दोघांचा नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. त्याच साली रिचर्ड ओवेन यांनी, म्हणजे डायनोसॉर हा शब्द ज्यांनी दिला त्यांनी, नागपूरच्या दक्षिणेकडल्या मांगलीहून आलेल्या एका चपट्या कवटीचं वर्णन केलं. तो होता एक प्राचीन उभयचर प्राणी. कामठीच्या वालुकाश्मात हिस्लॉप यांना ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीची पानं मिळाली. जिभेच्या आकाराचं हे पान पुढे जगभर गाजलं. तेच पान आफ्रिकेत मिळालं, ऑस्ट्रेलियात मिळालं, आणि १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीच्या सामानातल्या दगडांतही मिळालं. हे सगळे भूखंड एकेकाळी जोडलेले होते याचा तो एक मोठा पुरावा. त्या जोडलेल्या भूखंडाचं नाव गोंडवाना. गोंडांच्या मुलखावरून पडलेलं. हिस्लॉप यांच्या हयातीत खडकांना हे नाव मिळालेलं नव्हतं, पण ते त्याच मुलखात एका हाताने दगड आणि दुसऱ्या हाताने गोंडांच्या गोष्टी गोळा करत हिंडत होते.

गोष्टींचंही तसंच. राहुटी पडली की गाव बघायला जमतं, आणि घोडा असेल तर आधी पोरं, मागून मोठी माणसं. हिस्लॉप यांनी गोंड आणि शेजारच्या इतर जमातींचे शब्द, देवांची नावं, चालीरीती टिपून ठेवल्या. परधान म्हणजे गोंडांचे गायक, वंशपरंपरेने कथा सांगणारे. त्यांच्या तोंडून गोंडांच्या उत्पत्तीची आणि लिंगोची लांबलचक कथा त्यांनी गोंडीतून उतरवून घेतली. गोंडीतली एवढी मोठी मौखिक रचना कागदावर येण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रसंग.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. हिस्लॉप हे सगळं निव्वळ ज्ञानासाठी करत नव्हते. त्यांना या लोकांना ख्रिस्ती करायचं होतं आणि त्यासाठी ते त्यांची भाषा शिकत होते. १८५७ च्या जूनमध्ये टाकळीच्याच छावणीत इंग्रजांच्या घोडदळातल्या स्वारांनी उठावाचा बेत केला, तेव्हा त्याची कुणकुण हिस्लॉप यांना लागली आणि ती त्यांनी सरकारला कळवली, असं त्यांच्या चरित्रात आहे. ते कोणत्या बाजूला होते हे यावरून उघड आहे. मात्र १८५४ मध्ये नागपूर खालसा झाल्यानंतर इथे जो गलथान कारभार चालला, त्यावर त्यांनी वर्तमानपत्रांतून टीकाही केली. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. एक सांगून दुसरी झाकली तर आपण त्यांचं चरित्र वाचत नाही, त्यांची पाटी वाचतो.

१८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, राजधानी नागपूर. थोड्याच दिवसांत कारभार रिचर्ड टेम्पल यांच्याकडे आला. हिस्लॉप कॉलेज ज्या रस्त्यावर आहे त्याचं नाव टेम्पल रोड, आणि नवीन मुलं तिथे देऊळ शोधतात. असो. टेम्पल उत्साही गृहस्थ, त्यांना इतिहासाची आवड. अजब बंगला, म्हणजे आपलं मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ मध्ये त्यांच्याच काळात सुरू झालं. त्याच वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला टेम्पल आणि हिस्लॉप टाकळघाटला मुक्कामाला गेले. तिथे माळावर मोठमोठे दगड गोलाकार मांडलेली जुनी शिळावर्तुळं आहेत. ती पाहायची होती.

दिवस लक्षात घ्या. ४ सप्टेंबर. म्हणजे भर पावसाळा. दौऱ्याचा मोसम कार्तिकानंतरचा, ते उगाच नव्हे. पावसाळ्यात काळ्या मातीत गाडीची चाकं रुततात, घोड्याचे पाय गुडघ्यापर्यंत जातात, ताप असतोच. आणि नाले. विदर्भातला नाला तुम्ही पाहिला असेल. सकाळी घोट्याएवढं पाणी. काळी माती एकदा पाणी पिऊन फुगली की पुढचं सगळं पाणी वरून वाहून जातं. तुमच्या डोक्यावर थेंब नसतो, पण वर कुठेतरी पाऊस झालेला असतो. शिवाय मोठी नदी भरून वाहत असेल तर ती लहान नाल्याचं पाणी आत घेत नाही, उलट मागे ढकलते. नाला वाहताना दिसतच नाही, गुपचूप चढत जातो. वरून शांत, आत पुरुषभर.

त्या दिवशी हिस्लॉप बोरीला शाळा तपासायला गेले. बोरी म्हणजे आजची बुटीबोरी, टाकळघाटपासून काही मैलांवर. बाकीची मंडळी पुढे तळावर निघून गेली, ते शाळेसाठी मागे थांबले. मुलांची परीक्षा घ्यायची होती, आणि शाळा मध्येच सोडून निघणाऱ्यांतले ते नव्हते. निघेपर्यंत संध्याकाळ झाली. वाटेत एक ओढा होता. जाताना तो सहज पार केलेला. परतेपर्यंत वेणेच्या फुगवट्याने तो चढला होता. अंधार पडलेला, स्वार एकटा.

तळावर लोक वाट पाहत होते. घोडा आला. पाठीवर कोणी नव्हतं.

घोड्याला तळ माहीत होता, म्हणून तो आला. तो आला म्हणून तळावर कळलं. माणसं मशाली घेऊन धावली आणि ओढ्याच्या पाण्यात शोधत राहिली. मिळाला तो देह. ओढ्यात नेमकं काय झालं ते पाहायला कोणीच नव्हतं. एवढं खरं की घोडा चांगला पोहतो, पण भिजलेले जाड कपडे आणि बूट घातलेल्या, खोगिरावरून घसरलेल्या माणसाला तो वाचवू शकतोच असं नाही. हिस्लॉप यांना शेहेचाळीस पूर्ण व्हायला चार दिवस बाकी होते.

जिथे हे घडलं तिथे आता कारखाने आहेत, वर्धेला जाणारा चौपदरी रस्ता आहे. पुलावरून ऐंशीच्या वेगाने जाताना खालचा ओढा दिसतसुद्धा नाही. तुमच्यातले कित्येक जण इंटर्नशिपसाठी रोज याच भागातून जात असतील.

मागे राहिली ती कागदांची बाडं. अर्धवट, काही ठिकाणी पुरती न लागणारी. गोंडांविषयीचं पुस्तक लिहून व्हायचंच होतं. टेम्पल यांनी ते कागद जुळवले, स्वतःच्या टिपा घातल्या आणि १८६६ मध्ये मध्य प्रांतातल्या आदिम जमातींविषयीचे हिस्लॉप यांचे लेख म्हणून छापून काढले. मूळ गोंडीतली लिंगोची कथा त्यात आहे. पाचच वर्षांनी, १८७१ मध्ये, कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचं सातपुड्याच्या जंगलांवरचं प्रसिद्ध पुस्तक आलं. पचमढीला तळ ठोकून आणि पुढे सगळा मध्य प्रांत पालथा घालून लिहिलेलं. लिंगोची कथा त्यांनी हिस्लॉप यांच्याच नोंदींवरून इंग्रजी पद्यात घेतली. फोर्सिथ तर तेहेतिशीच्या आसपासच गेले, पुस्तक छापून यायच्या आधी. त्या जंगलांनी आणि त्या प्रवासांनी फार थोड्यांना म्हातारं होऊ दिलं.

हिस्लॉप यांचं नाव मात्र भलत्याच ठिकाणी टिकलं. गोड्या पाण्यात दगडाला चिकटून राहणाऱ्या एका इवल्या जीवाच्या कुळाचं नाव हिस्लोपिया. एका हिरवट खनिजाचं नाव हिस्लोपाइट. प्राणहितेच्या पलीकडे, आजच्या तेलंगणातल्या मलेरीच्या थरांत सापडलेल्या मगरीसारख्या दिसणाऱ्या एका प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्याचं नाव पॅरासुकस हिस्लोपी. झूलॉजी किंवा जिऑलॉजीला असाल तर जर्नलमध्ये नोंद पूर्ण करताना यातलं एखादं नाव भेटेलच. कॉलेज १८८३ चं, त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी निघालेलं.

आणि ती शिळावर्तुळं? टाकळघाट आणि जवळच्या खाप्याला नागपूर विद्यापीठाने १९६८-६९ मध्ये प्रा. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. लोखंड वापरणाऱ्या लोकांनी आपली माणसं पुरून वर मांडलेली ही वर्तुळं, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची. मग माहुरझरीला उत्खनन झालं. तेही आपल्या शहराच्या उंबऱ्यावरचं, काटोल रस्त्याकडचं गाव. तिथल्या वर्तुळांत माणसांबरोबर घोड्यांची हाडं निघाली, तोंडातल्या लोखंडी कड्या निघाल्या, घोड्याच्या कपाळावर चढवायचे तांब्याच्या पत्र्याचे दागिने निघाले. धनी गेला की त्याच्या घोड्यालाही सजवून शेजारी ठेवायचे.

हिस्लॉप जे बघायला टाकळघाटला गेले होते ते हे होतं. त्यांना ते कळलं नाही, अजून शंभर वर्षं जायची होती.